जोडगोळीचं माप

दुकान, ६ फेब्रुवारी

वन्सं,

सप्रेम नमस्कार. सप्रेम हे सवयीने लिहिलंय. आत्ता मला प्रेमबिम काही वाटत नाहीये.

तुमच्या त्या जंगलात फोन लागत नाही, म्हणून पत्र. किराणा घेऊन जीप येते तिच्याबरोबर पोचेल, असं तुमचे दादा म्हणाले. याच्यापलीकडे ते काही म्हणत नाहीत. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला बायको, आणि हे आपले पेपराच्या आड.

मुद्द्यावर येते. माझी लेक "आत्याकडे जरा राहून येते" म्हणून गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. तुम्ही वनपाल, तुम्हाला रानाचं वेड, ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. पण ते वेड माझ्या चिंगीला कशाला लावलंत? रोपवाटिकेत रोपं वाढवते म्हणे. रोपं काय, इथे गच्चीवर कुंड्यांत वाढव की! मी अडवलंय का?

आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंना नोंदी ठेवायला कुणीतरी हवंय. खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, संध्याकाळी वेळेवर घरी. मी शब्द टाकलाय. मेअखेरपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या. तेव्हा तिला पाठवून द्या. हट्ट करेल, पण तुमचं ऐकेल.

ती जमिनीवर काम करतेय म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. लहान असताना ती कठड्यावरून पडली होती, तुम्हाला आठवत असेल. तिचा हात मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आजही ती स्टुलावर चढली की माझ्या पोटात गोळा येतो. मी दुसरीकडे बघते.

आणि "तू एकदा ये, झाडं बघ" हे पालुपद आता पुरे. दिवसभर ताडपत्र्या, तंबू आणि दप्तरांचे पट्टे शिवून माझी कंबर मोडते. दुकानासमोर एक झाड आहे, तेवढं मला पुष्कळ झालं. छत बांधायला बरं पडतं, एवढाच त्याचा उपयोग. बाकी वर्षभर पानं आणि पाखरांची घाण मीच झाडते.

तुमची,
वहिनी


वनचौकी, १५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्रात "तुम्ही" दिसलं आणि कळलं, पारा चढलाय. खुशीत असलीस की मी "तू", आणि चिडलीस की मी "तुम्ही". दादाला नुसतं "अहो" आहे, त्यामुळे त्या बिचाऱ्याला हवामानाचा अंदाजच येत नाही.

चिंगी अगदी मजेत. जेवते भरपूर, घोरते त्याहून भरपूर. इथे तिला सगळे खारुताई म्हणतात. का म्हणतात ते विचारू नकोस, पोरं काय, कुणालाही काहीही नाव ठेवतात. दवाखान्याचं तिच्या कानावर घालते. जायचं की नाही ते तिने ठरवावं, मी मध्ये पडणार नाही.

आता माझं रडगाणं ऐक. मला तुझी गरज आहे. सुईदोऱ्याची म्हणते मी, तुझी नुसती आठवण तर रोजच येते.

आमच्या रानात मधोमध एक झाड आहे. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याची दोन खोडं होतात, दोन्ही सारखी जाड, सारखी उंच, खांद्याला खांदा लावून वर गेलेली. सगळे त्याला जोडगोळी म्हणतात. मी इथे नवीन आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर उभी राहिले आणि हातातला डबा खाली ठेवायचा विसरले. जेवायची सुट्टी संपली तरी डबा हातातच. वहिनी, आपल्यापेक्षा मोठं माणूस समोर आलं की आपण पदर सावरतो ना, तसं झालं मला.

रविवारी शहरातले लोक येतात. पाटी वाचतात, फोटो काढतात, "पुढे काय आहे बघायला?" असं विचारतात. मी त्यांना माहितीबिहिती काही सांगत नाही. सांगते, झाडाखाली आडवे व्हा. पाठीवर. आधी हसतात, कपडे मळतील म्हणतात, बायका नवऱ्याकडे बघतात. मग एकजण पडतो, त्याचं बघून दुसरा. हळूहळू सगळ्यांचं बोलणं बंद. चांगली पोट सुटलेली, हुद्द्यावरची माणसं तोंड उघडं टाकून वर बघत पडून राहतात. उठतात तेव्हा हळू आवाजात बोलतात, शेजारच्या खोलीत बाळ झोपल्यासारखे. त्यांचे चेहरे बघितले की माझा पगार मला वसूल झाला असं वाटतं.

तर त्या जोडगोळीला गेल्या वर्षीच्या वाऱ्यात चीर पडली. दोन खोडांच्या मधे, माझा हात आत जाईल एवढी. साहेब येऊन बघून गेले. माणूस वाईट नाही, पण खाली लोक झोपतात म्हटल्यावर त्यांची झोप उडणारच. त्यांनी वाट बंद केली. म्हणाले, एप्रिलअखेर मोठा वारा सुटतो, त्याआधी दोन्ही खोडं वरून एकमेकांना बांधता आली तर बघू. नाहीतर पाडावं लागेल.

तारेने बांधून चालत नाही. वरच्या अंगाला एका झाडाला कुणीतरी फार पूर्वी तार आवळलेली आहे. झाड वाढलं, तार होती तेवढीच राहिली. आता ती सालीत रुतून दिसेनाशी झालीय आणि त्याच्यावरचं सगळं झाड वाळून कोळ झालंय. म्हणून मला रुंद पट्टे हवेत, आतून मऊ, बाहेरून दणकट, खोडाभोवती बसतील असे. दोन पट्टे, त्यांच्यामधे दोर. बाजारात मिळतात ते आमच्या झाडाच्या मनगटालासुद्धा पुरायचे नाहीत, आणि मागवून घ्यायचे तर वारा येऊन जाईल.

तू जाड कापडाला हात लावलास की ते तुझं ऐकतं, हे मी बघितलंय. शिवून देशील? मापं मागच्या पानावर लिहिली आहेत.

तुझी,
रानवेडी


दुकान, २७ फेब्रुवारी

वन्सं,

पट्टे पाठवतेय. तू इतकी लाडीगोडी लावलीस म्हणून नाही, मला काम आवडलं म्हणून.

माप वाचून आधी वाटलं, एखादा आकडा जास्त पडला असेल. टेप घेऊन दुकानात जमिनीवर गोल आखून बघितला. त्या गोलात मी, माझी मशीन आणि स्टूल, तिन्ही मावले. मग तुझ्या दादांना आत उभं केलं. पेपरसकट मावले! मी बराच वेळ त्या खडूच्या गोलाकडे बघत राहिले. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, म्हणालं, "बाई, हे काय, खेळ मांडलाय का?" एवढ्या जाडीचं काहीतरी जिवंत असतं, आणि ते गप्प उभं असतं, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पुसायला गेले तर पुसवेना. दोन दिवस त्या गोलाला वळसा घालून काम केलं.

पट्टे तीनपदरी आहेत. आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लावलंय. कडेला दुहेरी शिवण, बक्कल जिथे येईल तिथे चौकोन करून आत फुलीचे टाके घातलेत. ट्रक ओढलास तरी तुटणार नाही. माप कसं, अंगावर बेतल्यासारखं घट्ट बसेल. माझं माप कधी चुकत नाही.

आणि नोकरीचं तू गुळमुळीत उत्तर दिलंस ते माझ्या लक्षात आलं. चिंगीने स्वतः दोन ओळी लिहायला तिच्या हाताला काय मेंदी लागलीय?

वहिनी

ता. क. खारुताई म्हणे! मी तिचं नाव ठेवायला किती दिवस घालवले होते.


वनचौकी, ९ मार्च

प्रिय वहिनी,

हसणार असशील तर हे पत्र दार लावून वाच. गिऱ्हाईकांसमोर नको.

तुझे पट्टे बघून आमची सगळी चौकी गोळा झाली. हात फिरवून फिरवून बघत होते. मग ते वर नेले, खोडाला घातले, बक्कल लावलं, आणि दोन्ही पट्टे सरकन खाली आले. लहान पोराची चड्डी घसरते तसे. बुंध्यापाशी येऊन पडले.

तुझं माप चुकलेलं नाही, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. आम्हा रानातल्या माणसांना झाड दिसलं की टेप आपोआप छातीच्या उंचीला जातो. पहिल्या दिवशी तेच शिकवतात, पुढे जन्मभर तेच करतो. कुठल्याही झाडाची जाडी विचार, आम्ही आमच्या छातीपाशी मोजलेली सांगणार. पट्टा बांधायचाय चार मजले वर! तिथे खोड निम्मंसुद्धा नाही. हे मला सुचलं नाही, साहेबांना सुचलं नाही, चौकीत कुणालाच सुचलं नाही. तू एखाद्याला टोपी शिवायला पोटाचं माप घेशील का?

आता नीट माप पाठवतेय. आमच्याकडे एक चढणारा माणूस आहे. त्याने वर जाऊन दोरीनेच घेर घेतला. पहिल्या गाठीपर्यंत एक खोड, तिथून दुसऱ्या गाठीपर्यंत दुसरं. दोरी सोबत आहे.

आणि वर काय आहे माहीत आहे? तो खाली आला, घटाघटा पाणी प्यायला आणि सांगतच बसला. वर एका बेचक्यात माती साठली आहे. किती वर्षांची पानं कुजून झालेली माती, वहिनी, जमिनीपासून चार मजले उंच! त्या मातीत नेचे उगवलेत, गवत आहे, गांडुळं आहेत. वाटीएवढं पाणी साठलंय आणि त्यात बोटाच्या पेराएवढा बेडूक. तो बेडूक जन्मात कधी जमिनीवर उतरला नसेल. आणि त्या मातीतच दुसऱ्या कुठल्यातरी झाडाचं वीतभर रोप आलंय. झाडावर बाग, आणि बागेत झाड. मी इतकी वर्षं खाली पाठीवर पडून वर बघतेय, आणि मला याचा पत्ता नव्हता.

आता तुझ्या स्वभावाविरुद्धची एक मागणी. या वेळी घट्ट शिवू नकोस. सैल हवं. झाड उभं दिसतं पण ते सारखं हलत असतं, आणि हलूनच त्याला बळ येतं. आवळून बांधलं तर ते टेकायची सवय लावून घेतं आणि आतून दुबळं होतं. वारा नसेल तेव्हा पट्टा नुसता अंगावर असावा, दोर थोडा लोंबता असावा. मोठा वारा आला, खोडं एकमेकांपासून फार लांब जायला लागली, की तेव्हाच त्याने धरावं. शिवाय झाड दरवर्षी जाड होणार, तर पट्टा मोकळा करता यायला हवा.

चिंगी बरी आहे. तिचा हात रोपांच्या मातीत असतो, म्हणून लिहीत नाही.

तुझी,
छातीचं माप देणारी


दुकान, २० मार्च

वन्सं,

आधी दोरीबद्दल. ती इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळून, टोक मधल्या वेढ्यातून दोनदा आत घालून आली. अशी दोरी गुंडाळणारी माणसं दोनच. त्यातली एक मी. दुसरीला मी शिकवलं, याच दुकानात, ती टेबलावर बसून पाय हलवत असताना.

दोन वर्षं तुम्ही दोघी माझ्याशी खोटं बोललात. रोपवाटिका. मातीत हात. चढणारा "माणूस". खारुताई. मी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि बसून राहिले. रडले का, ते सांगणार नाही.

मग पट्टे शिवले. काम ते काम. तुम्ही सांगितलंत तसे सैल. प्रत्येक पट्ट्यात बरंच कापड आत दुमडून ठेवलंय, वाढत्या पोराच्या परकराला ठेवतात तसं. झाड जाड होईल तशी एकेक शिवण उसवत जा.

पुडक्यात तिसरी वस्तू आहे, ती झाडासाठी नाही. तुमच्या चढणाऱ्या माणसाला द्या. गेल्या खेपेला घरी आली होती तेव्हा कमरेच्या दोन्ही बाजूंना काळेनिळे वळ होते. "रोपांची टोपली लागली" म्हणाली, आणि मी मूर्खासारखी विश्वास ठेवला. ही कमरेच्या पट्ट्याखाली घालायची गादी आहे. माप घ्यावं लागलं नाही.

अकरा एप्रिलच्या जीपने मी येतेय. तिला घेऊन जायला. बाकीचं समोरासमोर.

वहिनी


वनचौकी, ३० मार्च

वहिनी,

शिव्या द्यायच्या त्या मला दे, तिला नको. सांगू नकोस असं तीच म्हणाली हे खरं, पण मी मोठी आहे, मला कळायला हवं होतं. तुला घाबरलो आम्ही दोघी. तुझ्या त्या दुसरीकडे बघण्याला घाबरलो. ती वर असताना तू इथे दुकानात बसून रोज दुसरीकडे बघत बसशील, हे आम्हाला नको होतं.

एवढंच सांगते. ती उगाच धाडस करत नाही. दोन दोर असतात, एक सुटला तर दुसरा. चढायच्या आधी झाडाभोवती फेरी मारते, बुंध्याला कान लावते, एखादी फांदी मनाला पटली नाही तर सरळ "आज नाही" म्हणून घरी येते. हे मी तिला शिकवलेलं नाही. कापड कापायच्या आधी तू तीनदा माप बघतेस, तिथून आलंय ते.

गादी दिली. नाकाशी धरून बसली. मशीनच्या तेलाचा वास येतोय म्हणाली.

पट्टे बांधायचं काम मी अकरा तारखेपर्यंत थांबवून ठेवलंय. तू आल्यावर, तू बघत असताना ती चढेल. नाही म्हणालीस तर चढणार नाही, साहेबांना जे करायचं ते करू दे. तुझ्यामागे काहीच करायचं नाही आता.

ये.


वनचौकी, २९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू गेल्यापासून तुझं काही पत्र नाही. मी रोज जीपच्या वाटेकडे डोळे लावून बसते. त्या दिवशी तू आलीस, तिच्याकडे बघून नुसती मान हलवलीस, ती चढली, दोन्ही पट्टे बांधून उतरली, आणि तू अवाक्षर न बोलता जीपमध्ये जाऊन बसलीस. तुझ्या तोंडून एकही शब्द नाही! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिला घेऊन गेली नाहीस, आणि राहा असंही म्हणाली नाहीस. मी चिंगीला काय सांगू? ती रोज विचारते, "आत्या, मी बॅग भरू का?"

इकडे काय झालं ते ऐक. परवा वारा आला. आधी दुपारी सगळं रान चिडीचूप झालं. एक पाखरू नाही. आणि मग डोंगराच्या त्या बाजूने आवाज यायला लागला. आम्हाला वाटलं ट्रक येताहेत. ट्रक कसले, वारा होता. आम्ही चौकीत दार धरून उभे. पत्रे उडाले, रोपवाटिकेची जाळी कुठल्या कुठे गेली. रानातून मोडल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला चिंगी माझा हात दाबत होती. मला विचारायचं होतं, "हा जोडगोळीचा का गं?" पण विचारवलं नाही.

थांबल्यावर गेलो. वाटेवर आडवी झाडं, त्यांच्यावरून चढून, खालून वाकून गेलो. वळणापाशी चिंगी थांबली. म्हणाली, "आत्या, आधी तू बघ."

उभं होतं, वहिनी! दोन्ही खोडं जिथल्या तिथे. पट्टे तसेच, दोर लोंबतोय, काही घडलंच नाही असा. साल कुठेही खरचटलेली नाही. तुला आधी कळवायला वेळ नव्हता, पण ती चढून बघून आली, वरची बाग जागेवर आहे, बेडूकही आहे. मला हसायला येत होतं आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मी त्या झाडाला नमस्कार केला, आणि मग तुझ्या शिवणीला केला.

काल साहेब आले. चीर मोजली, वाढलेली नाही. दुर्बिणीतून टाके बघितले. मग इकडेतिकडे बघून, कुणी नाही अशी खात्री करून, कोट घडी करून डोक्याखाली घेतला आणि आडवे झाले. मी आपली झाडामागे उभी. उठले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "वाट उघडा."

आता तू बोल. काहीही बोल. "तुम्ही" म्हण, पण बोल.

तुझी,
वाट बघणारी


दुकान, १० मे

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटी "उभं होतं" हे दोन शब्द तुझ्या दादांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी पेपर खाली ठेवला. खाली, म्हणजे जमिनीवर. तुला कळेल याचा अर्थ काय ते.

मी बोलले नाही, कारण शब्दच नव्हते. जीभ माझी, आणि शब्द नाहीत! जीपवाल्याला वाटलं मला गाडी लागलीय, लिंबू घेता का विचारत होता.

काय झालं ते आता सांगते. तिला घेऊन यायचं, हे मी पक्कं ठरवून आले होते. वळण घेतलं आणि ते झाड दिसलं. खडूच्या त्या गोलावरून मी मनाशी एक झाड उभं केलं होतं, पण गोल जमिनीवरच राहतो ना गं. हे वर गेलेलं होतं. वर, आणखी वर, मान मोडेपर्यंत, आणि तिथेही संपत नव्हतं. मी मनात जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं तिथेच सांडलं.

मग तिने गादी कमरेला बांधली, आणि माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण ती चढायच्या आधी खोडावरून हात फिरवत होती, आणि तो हात माझा होता. ठाण उलगडायच्या आधी मी कापडावर फिरवते, तसाच. म्हणून मान हलवली.

ती वर निघाली, आणि मान वर करून उभं राहणं जमेना. म्हणून खाली बसले. बसून मान अवघडली म्हणून आडवी झाले. तू सांगितलंस म्हणून नाही, हे लिहून ठेव.

वन्सं, मी इतकं वय झालं तरी कधी वर बघितलंच नव्हतं. माझं सगळं आयुष्य सुईच्या टोकाकडे बघण्यात गेलं. वर पानांच्या फटीफटीतून उजेड येत होता आणि हलत होता. शेजारच्या झाडाच्या फांद्या जोडगोळीच्या फांद्यांजवळ येत होत्या आणि शिवायच्या आत थांबत होत्या. मधे आकाशाची बारीक पट्टी, सगळीकडे सारखी. कुणी कापून बेतलं असेल ते? माझ्या हाताला जन्मभर तशी सरळ कड आली नाही.

आणि मग वारा आला. थोडासाच. माझ्या पाठीखालची जमीन हलली. खरंच सांगते, श्वास घेतल्यासारखी वर आली आणि खाली गेली. मुळं होती ती. तेवढं मोठं झाड माझ्या पाठीखालूनही होतं, मी त्याच्यावरच पडले होते. मी दोन्ही हातांनी गवत घट्ट धरलं. आणि वर बघते तो चिंगी. दोन खोडांच्या मधे, एवढीशी, पट्टा ओढून घेताना शीळ घालत होती. झाड इकडे आलं की ती इकडे, तिकडे गेलं की तिकडे. मला इतकी वर्षं वाटायचं, उंचावरचं माणूस कसंबसं धरून असतं आणि हात सुटला की पडतं. ती कशालाच धरून नव्हती गं. झाडच तिला घेऊन डोलत होतं. मी पोटातला गोळा शोधला. नेहमीच्या जागी नव्हता. मी दुसरीकडे बघितलं नाही, वन्सं. एकदाही नाही. ती खाली उतरेपर्यंत टक लावून बघितलं, आणि ती उतरली तेव्हा मला वाईट वाटलं, की संपलं.

घरी आले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, छत ताणायला हात वर केला आणि तसाच राहिला. समोरच्या झाडाला मी छताची तार बांधली होती, चिंगी शाळेत जायची तेव्हा. आता तार दिसतच नव्हती. साल दोन्ही बाजूंनी मिटून आली होती. तू लिहिलं होतंस ते वाळलेलं झाड आठवलं. पक्कड आणली, शेजारच्या सुताराला बोलावलं, जेवढी निघाली तेवढी तार काढली. थोडी आत राहिलीच. सुतार म्हणाला, वेळेवर आलात, जगेल. छताला आता खांब रोवलेत.

खाली जुनी ताडपत्री अंथरून ठेवली आहे. गिऱ्हाईकाला थांबावं लागलं की म्हणते, पडा जरा, वर बघा. आधी हसतात. काल एक बाई उठून गेल्या आणि त्यांची पिशवी इथेच राहिली, शिवायला आणलेली. तुझे दादा रोज दुपारी तिथे असतात. पहिल्या दिवशी बराच वेळ पडून राहिले आणि मग म्हणाले, "किती आहे गं हे!" लग्नानंतरचं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

दवाखान्यात सांगून आले, आमची मुलगी येत नाही. काय करते विचारलं तर म्हटलं, झाडावर चढते. आणि मान वर करून सांगितलं.

चिंगीला सांग, बॅग भरायची गरज नाही, मी भरली. तिचे उरलेले कपडे, उशी, जुनी दोरी, सगळं या जीपने येतंय. तिच्या खोलीत मी मोठी मशीन लावली आहे. तुझ्या साहेबांचं पत्र आलंय, आणखी झाडांना पट्टे हवेत म्हणून, तेव्हा जागा लागणार. ती आली की पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत झोपेल. घराची किल्ली मात्र तिच्याकडेच राहू दे.

एक अट आहे, आणि ती दोघींनी पाळायची. पट्ट्याची शिवण मोकळी करायला ती वर चढणार असेल तेव्हा मला आधी कळवायचं. माझ्याशिवाय चढायचं नाही. मी येऊन खाली पडून राहणार. मला बघायचंय.

तुझी,
वहिनी